बिनविरोध

रविवारी बाबांचं अभ्यासमंडळ आमच्या घरी जमायचं. नियम एकच, पुराव्याशिवाय काहीही मान्य करायचं नाही. त्या रविवारी चहाचा ट्रे टेकवत आई म्हणाली, "अहो, सकाळपासून छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतंय."

"एकट्यादुकट्याच्या वाटण्याला पुरावा म्हणत नाहीत, बाईसाहेब," बाबा म्हणाले. सगळे खो खो हसले. "चहात साखर कमी पडलीय, हा मात्र सर्वांचा अनुभव आहे बरं का वहिनी," कुणीतरी पुस्ती जोडली. आईही हसली आणि साखर आणायला आत गेली.

सोमवारी पहाटे ती गेली.

पुढच्या रविवारी तीच माणसं शोकसभेला जमली. बाबांनी डोळे पुसले. "एका शब्दानं बोलली असती, तर उचलून दवाखान्यात नेलं असतं तिला."

"वहिनींचा स्वभावच तो. सगळं मुकाट सोसायच्या," बाबांच्या शेजारी बसलेले एकजण म्हणाले. बाकीच्यांनी माना डोलावल्या. इतक्या वर्षांत त्या खोलीत एखादं विधान पहिल्यांदाच बिनविरोध मान्य होत होतं.

मी बाबांना कधीच उलट बोलले नव्हते. उठून उभी राहिले.

"ती बोलली होती, बाबा. तुम्ही सगळे हसलात."