वाढत्या अंगाचं

एप्रिल सरत आला की डोंगरावरचं बर्फ वितळून ओढ्याला लागतं आणि गावातल्या दुकानात स्कीचे कपडे निम्म्या किमतीवर येतात. आया पोरांसाठी पुढच्या हिवाळ्याचं तेव्हाच घेऊन ठेवतात; वाढत्या अंगाचं, दोन मापं मोठं.

इव्हेटने नवऱ्यासाठी निळं जॅकेट काढलं. आर्मां हिवाळाभर इस्पितळात होता, नुकताच घरी आला होता. जॅकेट त्याच्या खांद्यांवर खुंटीला टांगल्यासारखं लोंबलं.

"अगं, यात माझ्यासारखे दोन मावतील," तो हसला. मग हळूच म्हणाला, "आणि पुढचं बर्फ कुणी बघितलंय? राहू दे."

दुकानदार गस त्याचा जुना दोस्त. त्याने घसा खाकरला. "वहिनी, लहान दाखवू का? आत्ता बसेल असं?"

इव्हेटने जॅकेटची चेन खालून वर ओढायला घेतली.

"एप्रिलात आत्ताच्या मापाचं कोण घेतं, गस?"

चेन गळ्याशी आली, तशी आर्मांने मुकाट्याने हनुवटी वर केली.