दोन्ही नवस पावले

थायलंडमधल्या लाम्पांगच्या आमच्या शाळेत दहावी-बच्या बत्तीसही मुलांनी गणिताचा गृहपाठ केला. पण कागदोपत्री तसं काही घडलेलंच नाही, असं धरून चाला.

सलग आठव्यांदा कोऱ्या वह्या आल्या, तेव्हा वैतागून मी शाळेच्या राखणदार देवाला नवस बोललो: सगळ्यांनी गृहपाठ केला, तर शंभर उकडलेली अंडी वाहीन.

शुक्रवारी वह्या मागायचं मी साफ विसरलो. तास संपल्यावर सवयीने ‘सर्वांना शून्य’ लिहून कागद कार्यालयात देऊन टाकला. तेवढ्यात शून्याचं कळून वर्गातली साओवानी धावत आली.

“सर, वह्या! सगळ्यांनी केलाय गृहपाठ!”

“मग तासाला तोंड शिवलं होतं का गं?”

“तुम्ही वह्या मागायचं विसरावं म्हणून आम्हीही त्याच राखणदार देवाला नवस बोललो होतो, सर; मग आठवण कशी करून देणार? लाल सरबताच्या बत्तीस बाटल्या, प्यायच्या नळ्यांसकट.”

“मग गृहपाठ कशाला केलात?”

“काय माहीत! बसलो आणि गणितं सुटतच गेली.”

मुख्याध्यापकबाई म्हणतात, नोंदलेलं शून्य खोडता येत नाही. वर्ग म्हणतो, आता मेलो तरी वही उघडणार नाही.

सबब राखणदार देवास नम्र विनंती की, एकाच वर्गाबाबत परस्परविरोधी दोन अर्ज आल्यास यापुढे एकच मंजूर करावा, आणि तो शक्यतो शिक्षकाचा असावा.