साखळीचं टोक

साखळी सुटली ती खडखडत सुटली आणि थांबलीच नाही. शेवटची कडी होडीच्या पुढच्या निमुळत्या नाळेवरून उडाली, उन्हात लखकन चमकली आणि बंदराच्या हिरव्या गढूळ पाण्यात दिसेनाशी झाली. पुढे नांगर गेला, मागे अख्खी साखळी गेली. शिडाची होडी दावं तुटलेल्या गाईसारखी शेजारच्या होड्यांवर चालून निघाली.

म्हातारा नाळेवर उभा होता, स्वतःचे रिकामे हात बघत.

सुकाणू म्हातारीच्या हाती होतं. तिने इंजिन चालू केलं, दोन होड्यांच्या मधून आपली काढली आणि होडी बांधायच्या एका रिकाम्या, तरंगत्या बोयाशी नेऊन थांबवली. मग पुढे जाऊन बोयाची दोरीही तिनेच आकड्याने ओढून बांधली. म्हातारा अजून हातच बघत होता.

धक्क्यावर, नारळाच्या सावलीत, माणसं आ वासून उभी होती. त्यात पांढऱ्या सदऱ्यातला त्यांचा मुलगाही होता. बाबांना होडी झेपते की नाही, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघायला तो विमानाने येऊन बसला होता. झेपत नसेल तर होडी याच बंदरात विकायची आणि दोघांनी त्याच्या घरी, मागच्या खोलीत राहायचं, असं त्याने फोनवर आधीच बजावलं होतं. होडीवाचून म्हातारा सहा महिनेही काढणार नाही, हे म्हातारी जाणून होती.

अर्ध्या तासात मुलगा एका पाणबुड्याला घेऊन छोट्या बोटीतून आला.

"टोक बांधलं नव्हतं का?" पाणबुड्याने चढता चढताच विचारलं.

साखळीचं टोक होडीच्या पोटातल्या खणात कड्याला बांधून ठेवतात. शाळेचं तोंड न पाहिलेल्यालाही कळावी अशी गोष्ट. म्हाताऱ्याने तर चाळीस वर्षं भेटेल त्याच्या कानीकपाळी ओरडून सांगितलेली. आधी टोक बांधा, मग नांगर टाका.

चार दिवसांपूर्वी भर समुद्रात वारा पडला, तेव्हा त्यानेच टोक सोडून सगळी साखळी वर काढली होती. किती सुटली ते कळावं म्हणून दर दहा हातांवर लाल रंगाची खूण केली आणि परत खणात भरली. म्हातारी तेव्हा खाली कांदा चिरत होती. चष्माही त्याच दिवसापासून सापडत नव्हता, आणि तो तिनेच कुठेतरी टाकला म्हणून चार दिवस म्हाताऱ्याचा घोष चालला होता.

"बाबा," मुलाने विचारलं, "टोक कोणी सोडलं होतं?"

म्हाताऱ्याने तोंड उघडलं. अंधारात जिना उतरताना पाय पुढची पायरी चाचपतो, तशी त्याची नजर चाचपत राहिली. म्हातारीला ती नजर आता पाठ झाली होती.

"मी," म्हातारी म्हणाली. "खण धुवायला सोडलं होतं. बांधायचं राहिलं."

म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर रंग परत आला. "बघ! चाळीस वर्षं सांगतोय. हिच्या डोक्यात काही शिरेल तर शपथ!"

खोटं बोलत असता तर तिने तिथल्या तिथे सोलून काढला असता. पण त्याला खरंच तसं वाटत होतं.

मुलाने पुरावा मागितला नाही. बाईची चूक म्हटली की तो कोणालाच लागत नाही.

"मग विसरायला तूच लागलीस, आई. डॉक्टरांना तुलाच दाखवायला हवं. तू चल माझ्याबरोबर. बाबांना मी एखादा खलाशी बघून देतो. बाबा, चालेल ना?"

"खलाशी चालेल," म्हातारा म्हणाला. "सांगितलेलं ऐकणारा बघ."

म्हातारीच्या जिभेवर सात उत्तरं आली. जन्मात तिने एक गिळलं नव्हतं. आज सातही गिळली. गिळताना काही वाटेल असं तिला वाटलं होतं. काहीच वाटलं नाही. ऊन मात्र फार होतं.

पाणबुड्याने तळाशी जाऊन टोकाला दोरी अडकवली. बापलेकांनी ओढून साखळी वर घेतली; नांगर मात्र तळाच्या चिखलात रुतून राहिला.

"आजी, रंगवलीय झकास," पाणबुड्या पाण्यातून हसला. "जरा बांधली असती तर आणखी झकास दिसली असती!"

"तू आपला बुड," म्हातारी म्हणाली. "नांगर अजून खालीच आहे."

ती टोक घेऊन होडीच्या पोटात उतरली. गुडघे टेकून खणात वाकली, टोक कड्याला बांधलं, गाठ दोनदा ओढून पाहिली. हात बाहेर काढताना बोटांना काहीतरी लागलं. कड्यामागच्या फटीत चष्मा होता. उजव्या काचेवर लाल रंगाचा अंगठा उमटलेला. तिचे दोन अंगठे त्यात मावले असते, एवढा मोठा.

वरून बापलेकांचं बोलणं ऐकू येत होतं. खलाशी कसा असावा, याच्यावर म्हातारा रंगात आला होता.

तिने चष्मा मांडीवर घेतला. काचेवरचा रंग नखाने खरवडला. थुंकी लावून पुसला. पुन्हा खरवडला. काच लख्ख झाली तेव्हा ती वर गेली.

"घ्या. माझ्याच खिशात होता."

म्हाताऱ्याने चष्मा चढवला आणि मुलाकडे बघितलं. बघ, मी म्हणत नव्हतो?

मुलाचे डोळे भरून आले. त्याने आईचा हात हातात घेतला आणि उलटा करून पाहिला.

"आई, नखात हे लाल काय गेलंय?"

म्हातारीने नखाकडे पाहिलं.

"आठवत नाही रे," ती म्हणाली.