खडूची गोळी

कुठेही हात न टेकता मेहरुनबी जमिनीवरून उठली आणि तिच्या नवऱ्याचा, इमामचा, घास तोंडातच राहिला. परवापरवापर्यंत हीच बाई भिंत धरून उभी राहत होती.

दोघांचेही गुडघे झिजलेले. सांगलीला विश्रामबागेत या झिजेवरच्या नव्या औषधाचं संशोधन चाललं होतं, त्यात दोघांनी नावं घातली. दीक्षा डॉक्टरीणबाईंनी सारख्याच दिसणाऱ्या डब्या दिल्या. वर नावं तेवढी वेगळी. "काहींच्या डबीत औषध, काहींच्या डबीत साधी गोळी. कुणाच्या काय, ते मलाही ठाऊक नाही," त्या म्हणाल्या होत्या.

ठाऊक नाही म्हणे! रहिमतपुरात सायकली दुरुस्त करण्यात इमामची हयात गेलेली. असल्या थापा त्याने गिऱ्हाइकांना कमी मारल्या नव्हत्या. बायकोला औषध आणि आपल्या पदरी खडू, हे त्याने ओळखलं. मशिदीत तो खुर्चीवर बसून नमाज पढायचा. ईदला तरी कपाळ जमिनीला टेकावं, एवढीच त्याची आस होती.

एका दुपारी तो जेवायला लवकर आला. मेहरुनबी दोन्ही डब्या उघडून बसली होती. त्याला बघताच तिने झाकणं लावली.

"काय चाललंय?"

"काय न्हाई. हात धुवा, वाढते."

पाणी कुठेतरी मुरत होतं. संध्याकाळी ती शेजारी गेली, तशी त्याने तिच्या डबीतल्या गोळ्या आपल्या डबीत भरल्या आणि आपल्या तिच्या डबीत.

हळूहळू गुण आला. जिना चढताना कळ येईना. संशय खरा ठरला होता, पण त्याचं सुख काही त्याला लागेना. तो चोरून तिच्या चालीकडे बघे. ती लंगडत नव्हती. बिचारी सोसत असेल, असं मनात येई आणि स्वतःची लाज वाटे.

ईदला त्याने सगळ्यांबरोबर जमिनीवर सजदा केला. घरी येऊन शीरखुर्म्याची वाटी बाजूला सारली.

"मेहरून, मी तुज्या गोळ्या चोरल्या. डब्यांतल्या बदलल्या."

"कवा?"

"तू झाकणं लावलीस बघ, त्याच सांजच्याला."

तिने वाटी पुन्हा त्याच्यापुढे सरकवली.

"आवं, त्याच दुपारी तर मी माज्या गोळ्या तुमच्या डबीत भरल्या हुत्या. आन् तुमच्या माज्या डबीत."