सहाव्या रकान्यातली सही

खिडकीपलीकडच्या मुलीने तुरपाईवालीचं सुजलेलं मनगट पाहिलं आणि न विचारताच अर्जावर ‘नवऱ्यापासून विभक्त’ असं लिहून टाकलं. तुरपाईवालीने ते काचेतून उलटं वाचलं आणि मान खाली घातली.

मुलगी मनाने चांगली होती. नोकरीला लागून फार दिवस झाले नसावेत, कारण अजून ती समोरच्याच्या तोंडाकडे बघून बोलायची. किती वर्षं सोसलंत, असं तिने विचारलं. चार, तुरपाईवाली म्हणाली. फक्त चार? केस पिकल्यावर हे सुरू झालं? आधी बरा होता, कामावरून काढला आणि बिघडला. सुरुवातीला ताट भिरकावलं, मग हात उगारला. गेल्या महिन्यात तर दाराला बाहेरून नवी कडी बसवून घेतली आणि जाताना ती लावून जायला लागला. शेजारी विचारायचे, त्यांना ही हसून दाखवायची. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. एक दिवस तो कडी लावायला विसरला आणि ही एका पिशवीनिशी निघाली.

“बरं केलंत, काकू,” मुलगी म्हणाली. “आणि घाबरू नका. ज्याच्यापासून सुटून आलात, त्याच्याकडून आम्ही चिटोरंसुद्धा मागत नाही. त्याला पत्रही जात नाही.”

सध्या ती एका लाँड्रीच्या वरच्या खोलीत राहत होती. खोली कसली, इस्त्रीची वाफ जिरायची जागा. पण तिच्या दाराला आतून कडी होती आणि दिवसातून चारदा ती उगाचच लावून बघायची. कपड्यांच्या दुकानातल्या तुरपाईवर पोट भरत होतं, भाडं निघत नव्हतं, म्हणून घरभाड्याच्या मदतीचा हा अर्ज.

घरमालकीण तोंडाने फटकळ होती. मी धर्मशाळा उघडलेली नाही, असं ऐकवायची आणि संध्याकाळी झाकलेलं ताट वर पाठवायची. तरी तिलाही तिचं घर चालवायचं होतं. सरकारी काम आणि सहा महिने थांब, पण मला सहा दिवस थांबता येत नाही, असं तिने सांगून टाकलं होतं. शुक्रवारपर्यंत मंजुरीचा कागद नाही आला, तर खोली दुसऱ्याला. हे सांगताना ती दुसरीकडेच बघत होती.

मुलगी भराभर रकाने भरत गेली आणि सहाव्यापाशी थांबली.

“मूलबाळ?”

“एक मुलगा. एकतीस वर्षांचा.”

मुलीचा चेहरा पडला. मूल सज्ञान असेल, तर आईला सांभाळायची जबाबदारी त्याची, असा नियम होता. ते जमणार नसेल, तर त्याने तसं स्वतःच्या हाताने लिहून सही करून द्यायचं. त्या कागदाशिवाय अर्ज टेबलावरून हलत नसे.

“काय करतो?” मुलीने विचारलं.

“सध्या रिकामाच आहे.”

“मग तर सोपंच झालं. माझंच भागत नाही, एवढं लिहून देईल. वडिलांची बाजू नाही ना घेणार?”

“नाही,” तुरपाईवाली म्हणाली. “बापलेकाचं कधी पटलंच नाही.”

उद्या गुरुवार, तेवढा कागद आणा, मी स्वतः साहेबांच्या पुढ्यात ठेवते, असं मुलीने कबूल केलं.

तुरपाईवाली दारापर्यंत गेली आणि परत फिरली. एक गोष्ट सांगायची राहिली होती. सांगितली असती तर बरंच सोपं झालं असतं, हे तिलाही कळत होतं. खिडकीशी येऊन तिने तोंड उघडलंदेखील. पण रांगेतली आठ-दहा माणसं कान टवकारून उभी होती. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणत उभा जन्म काढलेल्या बाईला एवढ्या लोकांसमोर मूठ उघडता येईना.

“काही राहिलं का, काकू?”

“काही नाही. पेन विसरले असं वाटलं.”

खोलीवर येऊन तिने कपड्यांच्या वेष्टनाच्या कागदावर मुलाची सही करून पाहिली. त्याचं पहिलं अक्षर तिनेच त्याचा हात धरून गिरवून घेतलं होतं. पण सुजलेलं मनगट वळेना आणि रेघ घसरायची. वीस-पंचवीसदा करून झाल्यावर तिने कागदाचा बोळा केला आणि त्यावर डोकं ठेवून रडली. शुक्रवारनंतर जायला तिला एकही दार नव्हतं.

गुरुवारी दुपारी तीन जिने चढून ती मुलाच्या दारासमोर उभी राहिली. सही घ्यायची आणि आल्या पावली फिरायचं, असं तिने मनाला बजावलं होतं. मुलाने दार उघडलं. त्याची दाढी वाढलेली होती, डोळे लाल होते. त्याने उभ्या उभ्याच सगळं ऐकून घेतलं. देतो की, तो म्हणाला. दमलीस, जरा टेक तरी. लहानपणी तापात बोलायचा तसा त्याचा आवाज मऊ होता आणि त्या आवाजापुढे तिचं कधीच काही चाललं नव्हतं. आत जाऊन ती खुर्चीच्या कडेवर बसली. कोरा कागद आणि पेन तिने त्याच्यापुढे धरलं. समोरच्या भिंतीवर तिच्या नवऱ्याचा फोटो होता. तो जाऊन नऊ वर्षं झाली होती आणि तेव्हापासून या घरात ही मायलेकरं दोघंच राहत होती. “हे पेन उमटत नाही, आई. बस, दुसरं आणतो,” असं म्हणून मुलगा बाहेर गेला, त्याने दार ओढून घेतलं, आणि नवी कडी बाहेरून लागली.