मंगळवारचे चौपन्न किलोमीटर

“बाबा, फक्त ‘हो’ म्हणा,” फोनमध्ये मागून श्रुतिकाचा आवाज आला आणि लगेच दुकानदाराच्या आवाजाखाली दबला.

वासुदेवने फोन स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवला. सकाळचे सात वाजले होते. नयना घाईघाईने पोळ्या लाटत होती. तिला झरीच्या शाळेत शिकवायला जायचं होतं, तिकडची प्रवासी जीप चुकली की पहिला तास चुकतो, असं ती म्हणायची. फोन नेपाळहून होता, पोखऱ्याहून. मोटरसायकली भाड्याने देणारा माणूस हिंदीत बोलत होता, आणि वासुदेव रेल्वेच्या हिंदीत, म्हणजे अर्ध्या मराठीत, उत्तरं देत होता.

“साहेब, मुलीचं लायसन्स बघितलं. दुकानासमोर चक्कर मारून दाखवली, तीही छान. पण सपाटीवर सगळेच छान चालवतात. इथून वर मुस्तांगचा रस्ता आहे. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला नदी, तीही खूप खाली. मागच्या महिन्यात एक जण असंच लायसन्स दाखवून गाडी घेऊन गेला. आता दोन्ही पायांना प्लास्टर आहे. तेव्हापासून घरी विचारल्याशिवाय मी चावी देत नाही. सांगा, ही किती वर्षं चालवते?”

श्रुतिकाबरोबर सहलीला गेलेले तिघे हेल्मेट घालून तयार होते. चावी मिळाली नाही तर तिला कुणाच्या तरी मागे बसावं लागणार होतं, नाहीतर पोखऱ्यातच थांबावं लागणार होतं. मागे ती बसणार नाही, हे वासुदेवला ठाऊक होतं. हट्ट तिने त्याचाच घेतला होता.

दुसरा कुणी बाप ‘हो’ म्हणून मोकळा झाला असता. वासुदेव सत्तावीस वर्षांपासून स्टेशन मास्तर होता. पुढची लाइन मोकळी आहे याची खात्री झाल्याशिवाय त्याने कधी गाडी सोडली नव्हती. घरातही त्याचाच नियम होता: मोटरसायकल माझी, तिला कुणी हात लावायचा नाही.

नियम मोडला जातो, हेही त्याला ठाऊक होतं. गाडी जागेवर लावली की तो मीटरचा आकडा कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकटीत लिहायचा. ड्यूटीला तो पायीच जाई. संध्याकाळी परत येऊन पाहावं तर मीटर चौपन्न किलोमीटर पुढे. तेही तो त्याच चौकटीत लिही. रविवारी तो घरी असला की मीटर शहाण्यासारखं गप्प. श्रुतिका नोकरी करत होती ती बँक तलासरीला. जाऊन-येऊन हिशेब जवळजवळ बसत होता. चार किलोमीटर जमत नव्हते, ते त्याने रस्त्याच्या वळणांवर टाकले होते. कोपऱ्यावरच्या प्रविण पानवाल्याला एकदा सहज विचारलं होतं, “माझी गाडी कोण नेतं रे?” “घरचंच माणूस नेतं, मास्तर,” म्हणून तो पानाला चुना लावत बसला होता.

तीन वर्षं वासुदेव गप्प राहिला. पुरावा चिकूसारखा असतो. हातात आला तरी पिकू द्यावा लागतो. पण आज भलतंच झालं होतं. ज्या आकड्यांनी मुलीला पकडायचं, त्याच आकड्यांनी तिला सोडवायचं होतं.

त्याने भिंतीवरचं कॅलेंडर काढलं.

“अहो, नुसतं हो म्हणा ना,” नयना म्हणाली.

“मी पुराव्याशिवाय बोलत नाही.” तो फोनकडे वाकला. “ऐका. मुलगी तीन वर्षं गाडी चालवते. मला चोरून. या महिन्याची तीन तारीख, चौपन्न किलोमीटर. चार तारीख, चौपन्न. सहा तारखेला धो धो पाऊस, तरी चौपन्न.”



“एवढं पुरे,” नयनाने लाटणं खाली ठेवलं. “अहो, ऐका तरी—”

त्याने पंजा दाखवून तिला थांबवलं. सिग्नल देताना मास्तरला मध्ये बोललेलं चालत नाही.

“आणि अगदी परवा,” त्याने शेवटचा शिक्का मारावा तसं बोट टेकवलं, “मंगळवारी. पुन्हा चौपन्न.”

मग दुकानदार हळू आवाजात म्हणाला, “साहेब, मंगळवारी मुलगी इथे होती. रविवारपासून समोरच्याच हॉटेलात उतरली आहे.”

वासुदेवने मंगळवारची चौकट पुन्हा पाहिली. अक्षर त्याचंच होतं. सवयीने लिहिताना मुलगी घरी नाही हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं.

“मुलीसाठी बाप खोटं बोलतो, मी समजू शकतो,” दुकानदार म्हणाला. “पण गाडी मी देणार नाही. ठेवतो.”

वासुदेवला आजवर कुणी खोटारडा म्हटलं नव्हतं. आज म्हटलं. फोनमधून मोटरसायकली सुरू झाल्याचे आवाज येऊ लागले. एक. दोन. तीन.

नयनाने कणकेच्या हातानेच फोन उचलला.

“भाऊ, ठेवू नका. ते खोटं बोलत नाहीत, त्यांना माहीतच नाही. मंगळवारी गाडी मी नेली होती, माझ्या शाळेत, तिच्या बँकेच्या पुढे दोन किलोमीटर. आधी मी तिच्या मागे बसायचे, मग ती माझ्या मागे बसायला लागली. चढाव, उतार, पाऊस, सगळं तिने शिकवलं मला, सत्तेचाळिसाव्या वर्षी. तीन वर्षांत मी एकदाही पडले नाही. आता तुम्हीच ठरवा, शिकवणारी कशी असेल.”

पलीकडे तीन इंजिनांच्या घरघरीत चावी खुळखुळली. मग चौथी मोटरसायकल सुरू झाली.

नयनाने हात धुतले, डबा पिशवीत टाकला. वासुदेव कॅलेंडर हातात धरून उभा होता. विचारायचं पुष्कळ होतं. तोंडातून आलं ते एवढंच, “मग तुझी ती जीप?”

“ती बंद होऊन तीन वर्षं झाली,” नयना म्हणाली, आणि तिने खिळ्यावरची चावी घेतली.