ज्ञ कुठे गेला?

"ज्ञानदेव इतका वर कसा?" कँटीनमधल्या पडद्यावरची कर्मचाऱ्यांची यादी पाहून मॅनेजरसाहेब म्हणाले. "मुळाक्षरांत ज्ञ शेवटी येतो ना!"

ऋजुताचं तोंड उतरलं. सहा महिने खपून तिने कारखान्याचं पोर्टल उभं केलं होतं. नावं अकारविल्हे लावायला जावा या संगणकभाषेतला तयार कॉम्पोनंट जोडला, तर त्या पठ्ठ्याने ज्ञ म्हणजे ज अधिक ञ असा हिशेब करून ज्ञानदेवला थेट ज-मध्ये बसवलं!

"लगेच दुरुस्त करते, सर."

"नका करू, ताई!" मागच्या बाकावरून फिटर ज्ञानदेव उठला. "शाळेपासून शेवटून पहिला आहे मी. हजेरीत शेवटी, दिवाळीच्या पेढ्यांना शेवटी. माझा नंबर लागेस्तोवर खोक्यात चुराच उरतो. निवृत्तीला एकच वर्ष राहिलंय. तेवढं तरी बसू द्या वर!"

कँटीनभर हशा पिकला. साहेबही हसले. "बरं, राहू दे. पण मग आता शेवटी कोण?"

ऋजुताने यादी खाली सरकवली. तळाशी नाव होतं: हेमंत सबनीस, मॅनेजर.

साहेबांनी स्वतःचं नाव वाचलं. मग त्यांनी हात जोडले. "ज्ञानदेवराव, यंदा माझ्यासाठी एक अख्खा पेढा राखून ठेवा!"